नायट्रोबेन्झीनचं अनिलिन: लोखंडाचा भुगा की हायड्रॅझिन?

खानापूरची भाची एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नायट्रोबेन्झीनपासून अनिलिन हे सेंद्रिय रसायन बनवायच्या या दोन वाटांत अडकली आहे.

खर्चात १८५४ची बेशाँ पद्धत सरस: लोखंडाचा भुगा, पाणी, थोडं आम्ल. बिडाचा कीस तर बेळगावात उद्यमबागेत मिळेल, आणि कारखान्यांनीही पूर्वी तोच वापरला. पण इथे लोखंड उत्प्रेरक नाही, ते खर्ची पडतं: १२३ ग्रॅम नायट्रोबेन्झीनमागे किमान १२६ ग्रॅम. उरतो काळा गाळ, आणि अनिलिन त्यात अडकतं. मला हीच गोष्ट सर्वांत त्रासाची वाटते.

दुसऱ्या वाटेत फेरिक क्लोराइड (लोखंडाचा क्षार), सक्रिय कोळसा आणि हायड्रॅझिन हायड्रेट (पाण्याशी जोडलेलं हायड्रॅझिन) घेतलं, तर लोखंड चिमूटभर पुरतं. हायड्रॅझिनचा नायट्रोजन वायू होऊन जातो. मात्र हायड्रॅझिन विषारी, कर्करोगाचा संशय असलेलं.

हातमोजे, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) दोन्हीकडे हवेतच. हायड्रॅझिन सांभाळणारं अनुभवी माणूस नसेल तर भुगाच घ्यावा. ते असेल आणि बरेच नमुने करायचे असतील, तर हायड्रॅझिन.