अंगठ्याखाली झाकलेले दोन आकडे

पाठीवर बिऱ्हाड घेऊन महिनाभर डोंगरांतून चालत जाण्याचा बेत पक्का झाला, तेव्हा माझ्याकडे बूट, सॅक आणि उत्साह यांखेरीज फारसे काही नव्हते. निघायला नऊ दिवस उरले असताना, स्वतःला मुरलेला ट्रेकर म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी 'जेमतेम एकदा वापरलेले' सामान विकायला काढल्याचे समजले. त्यात तंबू, पिसांची स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि गॅसचे तीन सीलबंद डबे होते. आणखी दोघे जण पैसे घेऊन तयार आहेत, असे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले आणि मी त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम पाठवून मोकळा झालो. तंबू आणि स्टोव्ह चांगले निघाले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

बॅगेच्या फोटोत त्यांनी तापमानाचे लेबल बोटांच्या चिमटीत धरले होते आणि त्यावर उणे १७ हा आकडा स्पष्ट दिसत होता. वाटेवरचे मुक्काम फार तर उणे पाचपर्यंत उतरतील, असा माझा अंदाज असल्याने मी निर्धास्त झालो. वास्तविक अशा लेबलावर तीन आकडे असतात. पूर्वी ईएन १३५३७ आणि आता आयएसओ २३५३७ या मानकानुसार पहिला आकडा आरामाचा, म्हणजे थंडी सहज लागणारी व्यक्ती सैल अंगाने झोपू शकेल असा असतो; दुसरा मर्यादेचा, म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र काढता येईल असा असतो; आणि तिसरा टोकाचा, ज्या तापमानाला माणूस सुमारे सहा तास जिवंत राहील इतकेच गृहीत धरलेले असते आणि तेही शरीर गारठून जाण्याचा धोका पत्करून. झोपेशी या तिसऱ्या आकड्याचा काही संबंध नाही. माझ्या लेबलावर अनुक्रमे ४, उणे १ आणि उणे १७ असे छापलेले होते, आणि फोटोत पहिल्या दोन आकड्यांवर विक्रेत्याचा अंगठा होता.

बॅग हातात आल्यावर तरी मी ते लेबल वाचायला हवे होते. ती सॅकमध्ये नीट बसते की नाही, एवढेच पाहिले आणि उरलेला वेळ नकाशांत घालवला, हा दोष माझाच.

चौथ्या रात्री ते कळले. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हा हिशेब मी वहीत मांडला होता आणि तो चुकलाही नाही. थर्मामीटर पहाटे तीनला उणे ४ दाखवत होता. अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे घालून मी बॅगेत बसून राहिलो. उजाडल्यावर गरम पाणी करावे म्हणून स्टोव्ह पेटवला, तर ज्योत मिनिटभर निळी राहिली, मग बारीक होत होत बुडाशी चिकटली. डोंगरासाठीच्या डब्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते, कारण साधे ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायुरूप होतच नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ते आणखी थोडे तग धरते खरे, परंतु जळताना डबा स्वतःच गार पडत जातो. माझे डबे स्वस्त ब्युटेनने पुन्हा भरलेले असावेत, हा संशय मला तिथेच आला. झाकणाखालच्या पेचावर आधी वापरल्याच्या चकचकीत रेघा होत्या. 'सील' म्हणजे वरून गुंडाळलेले साधे प्लास्टिक होते. मी माघारी फिरलो आणि दोन दिवसांत खाली उतरलो.

घरी येऊन बॅग तराजूवर ठेवली. सांगितलेले वजन ९०० ग्रॅम होते, प्रत्यक्षात ती १४००च्या वर भरली. कोपऱ्यातली शिवण उसवून चिमूटभर भरण काढले आणि चिमट्यात धरून काडी लावली. पीस जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. माझ्या चिमट्यात मात्र एक काळा, कडक मणी तयार झाला. ते निखळ पॉलिएस्टर होते. एरवी पॉलिएस्टर वाईट नव्हे; ओले झाले तरी ते पिसांपेक्षा अधिक ऊब धरते. मी मात्र पैसे पिसांचे मोजले होते.

विक्रेत्याला फोटो पाठवून पैसे परत मागितले, तेव्हा त्यांचे उत्तर आले की थंडी ज्याच्या त्याच्या शरीरावर असते आणि लेबल मी स्वतः वाचायला हवे होते. त्यानंतर माझा क्रमांक त्यांनी बंद करून टाकला. त्यांच्याशी झालेले सारे बोलणे फोनवरचे असल्याने, 'पिसांची' हा शब्द त्यांच्याकडून लेखी असा माझ्याकडे कुठेच नाही.

आता कोणी जुने सामान घेताना विचारले, तर मी त्यांना लेबलांचे फोटो दोन्ही बाजूंनी आणि बोटांविना मागवायला सांगतो, बॅग चालू तराजूवर ठेवलेली दाखवायला लावतो आणि निघण्यापूर्वी एक थंड रात्र अंगणात किंवा गच्चीवर तिच्यात काढायला लावतो. गॅसचे डबे तर जुने घेऊच नयेत.

बॅग अजून माझ्याकडेच आहे. तिच्या आतल्या शिवणीत, पायांच्या बाजूला, पांढऱ्या कापडाची एक अरुंद पट्टी उरली आहे. भरण कशाचे आहे हे सांगणारे लेबल तिथे होते आणि ते कात्रीने सरळ रेषेत कापलेले आहे.