पावतीवर ‘जॉब गॅरंटी’ कुठेच नव्हती

मेडिकल कोडिंगचा क्लास लावून फसलेल्या एका बी.फार्म. मुलीची फाईल समोर आहे. तिला विचारून, तिचं आणि क्लासचं नाव-गाव वगळून, त्यातलं इथे मांडतो आहोत. कागद मोजकेच आहेत: फीची पावती, चार पानी एनरोलमेंट फॉर्म, कर्जाचा करार, स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स, ‘डिप्लोमा इन हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं सर्टिफिकेट आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट. कर्जाचा करार तिने पहिल्यांदा वाचला तो चौथा हप्ता कापला गेल्यावर.

काम खरं आहे, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलेली नोंद वाचायची, आजाराला आयसीडी-१०-सीएमचा आणि केलेल्या उपचाराला सीपीटी किंवा एचसीपीसीएसचा कोड लावायचा, मग त्यावरून तिकडच्या विमा कंपनीला बिल जातं. पुण्या-मुंबईत, नागपुरात, हैदराबाद-चेन्नईत हे काम चालतं आणि बी.फार्म., बी.एच.एम.एस., फिजिओथेरपी, नर्सिंग, बी.एस्सी. झालेली मुलं ते नीट करतात. धंदा खरा आहे म्हणूनच त्याच्या नावावर क्लास खपतात.

सर्टिफिकेटवरच्या नावापासून सुरुवात करू. अमेरिकेत ‘हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हा कॉलेजातला साधारण दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा अभ्यासक्रम असतो. त्याला सीएएचआयआयएम या संस्थेची मान्यता असेल, तर अहिमा या संघटनेची आरएचआयटी परीक्षा देता येते. आपल्याकडे तेच नाव तीन महिन्यांच्या क्लासला चिकटवतात आणि काउन्सेलर बिनदिक्कत सांगतो, ‘आरएचआयटीच्या बरोबरीचं आहे.’ तसं काही नसतं. या सर्टिफिकेटवर त्या परीक्षेचा अर्जसुद्धा भरता येत नाही. खाली ‘आयएसओ प्रमाणित’, ‘एमएसएमई नोंदणीकृत’ अशी ओळ होती. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, आणि एमएसएमईची उद्यम नोंदणी कोणताही छोटा व्यावसायिक ऑनलाइन, फुकट करून घेतो. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी दोन्हींचा संबंध नाही. सरकारमान्य स्किल कोर्स असल्याचा दावा असेल तर एनसीव्हीईटी या कौशल्य-शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरमध्ये तो कोर्स शोधा, आणि तो देण्याचा अधिकार याच संस्थेला आहे का तेही बघा. डिग्री म्हणत असतील तर विद्यापीठ कोणतं ते विचारा. ‘सरकारी हॉस्पिटलातही घेतात’ हेही तिला सांगितलं होतं. सीपीटी ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची संहिता आहे, आपल्या सरकारी दवाखान्यात तिचा उपयोग नाही.

आता पावती. फी ७२,००० रुपये, जीएसटी धरून. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर मूळ फी ६१,०१७ आणि कर १०,९८३. पण पावतीवर जीएसटी क्रमांकच नाही! कर घेतलाय आणि नोंदणी दाखवलेली नाही, म्हणजे तो कर कुठे गेला हे देवाला ठाऊक. त्याहून महत्त्वाचं, बोर्डावर एक नाव, पावतीवर दुसऱ्याच फर्मचं नाव आणि यूपीआयने घेतलेले बुकिंगचे ५,००० रुपये तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. तक्रार करायची वेळ आली की सामनेवाला कोण, इथूनच घोळ सुरू होतो. पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा, जीएसटीच्या पोर्टलवर टाका आणि तिथे दिसणारं नाव पावतीवरच्या नावाशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

फोनवर ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ होती. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मात्र ‘प्लेसमेंट असिस्टन्स’, आणि त्याची व्याख्या अशी: संस्थेने तीन मुलाखती मिळवून दिल्या की जबाबदारी संपली. मुलाखत कशाची, ते लिहिलेलं नाही. तिला मिळालेल्या तिन्ही मुलाखती एआर कॉलरच्या. एआर कॉलर म्हणजे रात्रपाळीत अमेरिकन विमा कंपन्यांना फोन लावून अडकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणारा माणूस. काम वाईट नाही, पण ते कोडिंग नव्हे, आणि इंग्रजी बरं असलेल्या पदवीधराला ते अशा क्लासशिवायही मिळतं. तिने तिसऱ्या मुलाखतीला नकार दिला, तशी मेल आली: ‘उमेदवाराने संधी नाकारल्यामुळे फाईल बंद.’

सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो हप्त्यांत. ‘महिन्याला फक्त ६,०००, बारा महिने, नो कॉस्ट’ असं सांगून काउन्सेलरने तिचं पॅन आणि आधार घेतलं, फोन हातात घेतला, आलेले ओटीपी स्वतःच टाकले. तिला वाटलं, क्लासची फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून, तिच्या नावावर कर्ज निघालं, रक्कम थेट क्लासला गेली आणि तिच्या खात्यावर ई-मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी, बसलं. नो कॉस्टचं गणित साधं आहे. व्याजाची रक्कम कंपनी क्लासकडून कापून घेते आणि क्लासने ती आधीच फीत धरलेली असते. पण खरी गोम पुढे आहे. क्लासने शिकवणं थांबवलं, शिक्षक बदलले, शटर ओढलं, तरी हप्ता चालूच राहतो, कारण करार तुमचा आणि एनबीएफसीचा आहे. चिडून खात्यात पैसे ठेवले नाहीत तर बाउन्सचा दंड बसतो आणि क्रेडिट स्कोअर तुमचा पडतो, क्लासचा नाही.

डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सही करण्याआधी केएफएस, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद मिळायलाच हवा. वार्षिक खर्चाचा दर, एकूण परतफेड, तक्रार अधिकाऱ्याचं नाव हे सगळं त्यात असतं. विचार बदलला तर दंडाशिवाय कर्ज परत करायची ठरावीक मुदत असते, तीही त्यातच लिहिलेली असते. तिचा केएफएस ई-मेलवर आला होता, फक्त ई-मेलचा पत्ता क्लासचा होता.

ही ई-मेलची गोष्ट पुन्हा येते. ‘सीपीसी परीक्षेसकट’ असं पॅकेज होतं. सीपीसी ही एएपीसी या अमेरिकन संघटनेची मेडिकल कोडरसाठीची परीक्षा: १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. एका प्रश्नाला अडीच मिनिटंही पुरती मिळत नाहीत. ठरवून दिलेली छापील कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात आणि त्यांची सवय नसेल तर वेळ पुरतच नाही. परीक्षेला आधी एएपीसीचं सभासदत्व लागतं. ते क्लासने काढलं, पण स्वतःच्या ई-मेलवर. पासवर्ड त्यांच्याकडे, परीक्षेचं व्हाउचरही त्यांच्याच हातात. ‘सराव परीक्षेत सतत ८५ टक्के मिळाले की देऊ’ ही अट नंतर निघाली. तिला ७८, ८१, ८३ मिळत राहिले. क्लासचा फायदा उघड आहे: जी परीक्षा कोणी देतच नाही तिचे पैसे वाचतात. सभासदत्व आणि व्हाउचर दोन्ही तुमच्या ई-मेलवर, तुमच्या खात्यात दिसायला हवीत. परीक्षा आणि सभासदत्वाची आजची किंमत एएपीसीच्या साइटवर बघा आणि क्लासच्या फीतून ती वजा करा. उरते ती शिकवण्याची फी. मग ठरवा.

‘स्टडी मटेरियल’ म्हणून ९,००० रुपये वेगळे घेतले होते. त्यातला अर्धा गठ्ठा म्हणजे आयसीडी-१०-सीएमची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं, जी अमेरिकन सरकारच्या साइटवर सगळ्यांना फुकट मिळतात. उरलेला सीपीटीच्या पुस्तकाची झेरॉक्स. ती परीक्षेला चालत नाही आणि कॉपीराइटचा भंग आहे तो वेगळाच.

नोट्स उघडल्यावर तर कपाळाला हात लावायची वेळ. सरावाचा एक चार्ट, म्हणजे पेशंटची नोंद, बघा: टाइप २ डायबेटिस, हायपरटेन्शन, सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) स्टेज ३, आणखी काही तपशील नाही. छापलेलं उत्तर: ई११.९, आय१०, एन१८.३. तीन कोड आणि तिन्ही चूक. आयसीडीच्या सूचीत ‘विथ’ खाली दिलेल्या आजारांचा संबंध डॉक्टरने वेगळा लिहिला नाही तरी गृहीत धरायचा असतो, तो नाही असं त्याने स्पष्ट म्हटलं असेल तरच सोडायचा. म्हणून डायबेटिस आणि किडनीचा आजार एकत्र आले की ई११.२२. हायपरटेन्शन आणि सीकेडी एकत्र असतील तर आय१० लावताच येत नाही, आय१२.९ लागतो. आणि एन१८.३ हा कोड १ ऑक्टोबर २०२० पासून नुसता चालत नाही, त्याचे एन१८.३०, ३१ आणि ३२ असे भाग झाले. इथे एन१८.३०. नोकरीत साधारण ९५ टक्के अचूकता मागतात. हे उत्तर पाठ करून गेलेली मुलगी पहिल्याच टेस्टमध्ये बाहेर पडणार, आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून घरी बसणार. आम्हाला याचाच जास्त राग येतो.

क्लास पारखायला यातूनच एक सोपी युक्ती निघते. डेमोला गेल्यावर नोट्स चाळायला मागा आणि दोन गोष्टी शोधा. नवीन पेशंटच्या ओपीडी भेटीसाठी ९९२०१ हा कोड शिकवलाय का? तो १ जानेवारी २०२१ ला रद्द झाला. कंबरदुखीला नुसता एम५४.५ दिलाय का? १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या जागी एम५४.५०, ५१ आणि ५९ आले. यातलं एक जरी सापडलं तरी नोट्स कित्येक वर्षं जुन्या आहेत. आयसीडीची मुख्य सुधारणा दर १ ऑक्टोबरला लागू होते, सीपीटीची १ जानेवारीला. ‘कोड काय बदलतात हो’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाने हे काम केलेलंच नाही.

आता पैसे परत मिळवण्याविषयी. इथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं लेखी पत्र एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला: सेवा मिळाली नाही, संमती कशी घेतली गेली, ओटीपी कोणी टाकला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. १४४४८ वर चौकशी होते. त्याच वेळी क्लासला ई-मेल आणि रजिस्टर पोस्टाने मागणीपत्र पाठवायचं, रक्कम आणि मुदत लिहून. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला त्यात मनाई आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट इथे उपयोगी पडतो, तारखेसकट. कोर्स विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातला असेल तर वाट वेगळी: फी परतावा आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याबद्दल यूजीसीचे नियम आहेत, तक्रार तिकडे न्यावी. खोटं ऑफर लेटर हातात पडलं असेल तर सरळ पोलीस, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तेही तासा-दोन तासांत.

फोनवरच्या शब्दाला पुरावा नसतो, पण तो तयार करता येतो. फी भरण्याआधी एक मेसेज टाका: ‘आज फोनवर सांगितल्याप्रमाणे कोडिंगच्याच नोकरीची हमी आहे, न मिळाल्यास पूर्ण फी परत, बरोबर ना?’ खरा क्लास ‘हमी देत नाही’ असं लिहून मोकळा होतो. फसवणारा लगेच फोन लावतो. तो मेसेज आणि त्याखालची शांतता, दोन्ही जपून ठेवा.

तिने मागणीपत्र पाठवल्यावर क्लासने तडजोड सुचवली. पैसे नाहीत, पण ‘दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर देतो, कोडर म्हणून.’ आमिष मोठं आहे. अनुभव नसताना सीपीसी पास झालं की नावापुढे सीपीसी-ए लागतं, अप्रेंटिसचा ‘ए’. तो काढायला अनुभवाचा पुरावा लागतो आणि जाहिरातीही ‘ए’ नसलेल्यांच्याच जास्त दिसतात. पण कंपन्या यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक, मागतात, त्यावर पीएफ कधी, कोणी भरला ते दिसतं. सर्टिफिकेटचा सभासद क्रमांक एएपीसीच्या साइटवर पडताळतात. खोटं निघालं की नोकरी जाते आणि सीपीसी रद्द होऊ शकते. शिवाय तोपर्यंत जी फसलेली होती तीच फसवणारी ठरते, म्हणजे आयोगापुढची तिची केसही गेली.

तिने ते लेटर घेतलं नाही. त्याचा नमुना मात्र व्हॉट्सॲपवर आला होता, तो तक्रारीला जोडलाय. त्यावरची रुजू झाल्याची तारीख तिच्या शेवटच्या सेमिस्टरच्या पेपरांच्या मधली आहे.