दहा महिन्यांच्या वापरानंतर: टेंपो ट्रॅव्हलरमधले १२ व्होल्टचे दिवे आणि त्यांचे सापडलेले दोष

गेल्या दसऱ्याला आम्ही जुनी टेंपो ट्रॅव्हलर राहण्यासारखी करून घेतली. मागे दोन बर्थ, स्वयंपाकाचा छोटा ओटा, टपावर सोलर आणि बर्थखाली १०० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी. दिव्यांचं किट ऑनलाइन मागवलं. त्यात छताची पाच मीटरची एलईडी पट्टी, मागच्या दाराबाहेर ताडपत्रीखाली लावायची चार मीटरची पट्टी, वाचायचे चार दिवे, पायरीचे दोन आणि उजेड कमी-जास्त करायचा एक डिमर होता. बसवून एका गॅरेजने दिलं.

आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे. आईला ७८ वर्षं झाली, तरी सौंदत्ती, जोतिबा, पंढरपूर तिला चुकवायचं नसतं. रात्री तिला एकदोनदा उतरावं लागतं. त्यामुळे या सगळ्या दिव्यांत माझ्या लेखी पायरीचा दिवा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच आधी गेला. किटबद्दल लिहायचं तर त्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

माघी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर मुक्काम होता. आजूबाजूला चुली पेटलेल्या, गाड्यांची दाटी, माणसांची ये-जा. रात्री दोनच्या सुमारास आई उतरायला गेली आणि पायरीचा दिवा लागलाच नाही. बायकोने हात धरला म्हणून ती पडली नाही. सकाळी मी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवून बघितल्या तर १२.४ व्होल्ट. म्हणजे करंट येतोय आणि दिवाच गेलाय, असं मी धरलं. घरी आल्यावर नवा दिवा मागवून बसवला. तोही लागेना.

शेवटी बेळगावला उद्यमबागेत एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी मीटर बाजूला ठेवला. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि दिव्याच्या जागी लावला. अंधार. "व्होल्ट दिसतात खरं जोर नाही," म्हणाले. मग मला समोर बसवून त्यांनी जे दाखवलं, त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीची एकच तार शाबूत असली किंवा जोड गंजलेला असला, तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि तेवढे मागितले की कच्चा जोड उघडा पडतो. बल्ब तसाच जोडलेला ठेवून त्यांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला. तिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा होता. आला ११.८. सगळं बळ परतीच्या वाटेवर अडकलं होतं.

"येणारा करंट सगळेच बघतात की. जाणारा कोण बघतोय, सांगा!" ते म्हणाले.

अर्थचा स्क्रू पायरीजवळच्या पत्र्यात, चक्क रंगावरूनच पिळलेला होता. सुरुवातीला त्याच्या आट्यांनी पत्रा धरला असेल. नंतर आमच्याकडची तांबडी माती, चाकांनी उडवलेलं पाणी आणि गंज, तिन्ही मिळून तो जोड संपला. त्यांनी रंग खरवडून पत्रा पांढरा केला, दातेरी वॉशर घातला, वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, पंच करून लावली आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. पुढे महिनाभराने मी एक पाऊल आणखी टाकलं. मागच्या सगळ्या दिव्यांची निगेटिव्ह वेगळ्या वायरीने थेट बॅटरीजवळच्या धातूच्या जोडपट्टीवर आणली. परतीच्या वाटेसाठी चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, भरवसा ठेवायचा तर दर पावसाळ्यात स्क्रू उघडून बघायची तयारी हवी. पायरीच्या दिव्यासाठी मला तेवढा धोका पत्करायचा नव्हता. जुना दिवा परत लावला, तो ठणठणीत होता. आजही तोच चालतोय.

छताच्या पट्टीचा दोष तसा पहिल्या दिवसापासूनचा, फक्त तो दोष आहे हे मला उशिरा कळलं. डिमर पूर्ण उघडला तरी पुढचं टोक लख्ख आणि मागचं मलूल. ही दाट दिव्यांची पट्टी आहे, दर मीटर लांबीला १४.४ वॅट. पाच मीटरचे ७२ वॅट होतात, म्हणजे बारा व्होल्टला सहा अँपिअर. गॅरेजने त्यासाठी ०.७५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढली होती. बॅटरीपासून पट्टीपर्यंत सहा मीटर, जाऊन येऊन बारा. पट्टी चालू असताना बॅटरीवर १२.५ आणि पट्टीच्या तोंडाशी ११.२ व्होल्ट मिळाले. सव्वा व्होल्टने काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. पण पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. तिघांना मिळून नऊ व्होल्टच्या आसपास लागतात. उरलेले तीनेक व्होल्ट शेजारच्या रेझिस्टन्सवर पडतात आणि करंट किती वाहणार ते त्यावर ठरतं. त्या तीन व्होल्टांतला एक कमी झाला की करंट जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतो. शिवाय पट्टीतली तांब्याची पत्री पातळ, त्यामुळे शेवटच्या टोकापर्यंत आणखी गळती.

२.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाकली आणि पट्टीला दोन्ही टोकांनी पुरवठा दिला. आता तोंडाशी १२ व्होल्ट मिळतात आणि दोन्ही टोकं सारखी दिसतात. वायर बेळगावच्या गणपत गल्लीत मिळाली. घेताना टोक चाकूने खरवडून बघा. वरून तांबं आणि आत पांढरं दिसलं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. तेवढ्याच जाडीला ती तांब्याइतका करंट नेत नाही आणि पंच केलेल्या जोडात पुढे सैल पडते.

तिसरा दोष सगळ्यात भीतीदायक. जूनमध्ये आम्ही जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो, माउलीच्या दर्शनाला. मलप्रभेचा उगम तिथला. तीच नदी आमच्या खानापूरवरून पुढे सौंदत्तीच्या धरणात जाते, त्यामुळे आईला दोन्ही देवळं एकाच वर्षात करायची होती. पाऊस असा की वायपर पुरेना. ताडपत्रीची पट्टी लावली की फ्यूज उडायचा. लाल, १० अँपिअरचा. दोन उडाल्यावर भाच्याने डब्यातला हिरवा घातला. तो ३० चा. दिवा लागला, सगळ्यांनी हुश्श केलं. दहा मिनिटांनी प्लास्टिक तापल्याचा वास आला. मी बॅटरीची निगेटिव्ह काढली. वायरीचं आवरण हाताला मऊ लागत होतं.

हे प्रत्येकाने मनावर घ्यावं, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण शॉर्ट झाला तर ही बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि आमच्या गाडीत त्या वायरीच्या वर लाकडी बर्थ आणि गादी आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. परत उडाला तर त्या रात्री तो दिवा बंद ठेवा. तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या मुख्य वायरीला फ्यूजच नव्हता. पहिला फ्यूज थेट पुढच्या डब्यात, मधली चार मीटर वायर उघड्यावर. आता बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज आहे.

शॉर्ट शोधायला पुन्हा तोच २१ वॅटचा बल्ब कामाला आला. फ्यूज काढून त्याच्या जागी बल्ब जोडला, ताडपत्रीची पट्टी सोडवून ठेवली आणि स्विच चालू केला. पट्टीच नाही, म्हणजे बल्ब विझलेला राहायला हवा. तो पूर्ण तेजाने पेटला, म्हणजे वाटेत कुठेतरी शॉर्ट. मग वायर एकेक हात हलवत गेलो. मागच्या दाराच्या वर वायर हलवली आणि बल्ब विझला. पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून घालायची कडी, नव्हतं. कडेने आवरण खाऊन तांबं उघडं पडलं होतं, आणि घाटातल्या वळणांवर ते पत्र्याला टेकायचं. या पद्धतीत एकही फ्यूज जात नाही, बल्ब करंट आपोआप रोखतो.

पट्टीचाही थोडा दोष होता. ती आयपी ६५ ची. पावसाचे शिंतोडे आणि पाण्याची धार ती सोसते, पण कापलेलं टोक सिलिकॉनने बंद केलं तरच. आमचं उघडंच होतं, जोडावर नुसती काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक सुटला, पाणी शिरलं, तांब्यावर हिरवं कीट चढलं. तीन दिव्यांचा एक तुकडा कापून टाकावा लागला.

बारीकसारीक तक्रारी लवकर मिटल्या. बंद केल्यावरही वाचायचा एक दिवा अंधारात मंद दिसायचा. स्विचमधल्या सूचक दिव्यातून थोडा करंट झिरपत होता. साधा स्विच लावला, संपलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.३ व्होल्ट देतो आणि छताची पट्टी हाताला गरम लागते. तिच्यासाठी १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर घेतला आहे, अजून बसवायचाय.

किटचं म्हणाल तर दिवे चांगले आहेत. दहा महिन्यांत एकही दिवा स्वतःहून गेला नाही. उजेड डोळ्याला बोचत नाही आणि पायरीच्या दिव्यांचं रबरी सील पक्कं आहे. सोबत आलेल्या वायरी आणि जोड मात्र वापरू नका. बसवून घेताना तिथे उभे राहा. रंग खरवडला का, ग्रोमेट घातलं का आणि बॅटरीजवळ फ्यूज आहे का, हे बघून मगच पैसे द्या. मी किटला चार तारे देतो. बसवणीला एकही देणार नाही.

तो बल्ब आता दोन चिमट्यांसह पुढच्या कप्प्यात असतो. गेल्या रविवारी सगळे जोड भार देऊन मोजले. डाव्या बर्थच्या वाचायच्या दिव्याच्या जोडावर ०.४ व्होल्ट पडतात, बाकी सगळीकडे ०.१ च्या आत. तेवढा एक गणपतीच्या आधी उघडून बघायचा आहे.