गवत्या-चंदेऱ्याचं जिरं: तापीकाठच्या हॅचरीतून घ्यावं का?

माशांची अंडी उबवून जिरं, म्हणजे नुकती फुटलेली पिल्लं, विकणारी हॅचरी पारखायची तर आधी उबवणीची टाकी बघावी. जळगाव जिल्ह्यातल्या या खासगी हॅचरीत ती खरोखर चांगली आहे.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे मासे मूळचे चीनकडच्या मोठ्या नद्यांतले. साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. पुरात सोडलेलं अंडं पाणी शोषून चार-पाच मिलिमीटरपर्यंत फुगतं आणि प्रवाहात अधांतरी वाहत राहतं. प्रवाह मंदावला की तळाला बसून गाळात गुदमरतं. गोल टाकीत तोच प्रवाह राखायचा असतो. इथे तळाच्या तिरक्या तोंडांतून पाणी असं फिरतं की अंडी फुटतही नाहीत आणि तळाशी ढीगही धरत नाहीत. बोअरचं पाणी थेट सोडत नाहीत. आधी फवाऱ्याने त्यात हवा मिसळतात. पाणी २७-२८ अंशांवर असलं तर साधारण दिवसभरात पिल्लं बाहेर येतात आणि टरफलांनी मधली जाळी तुंबायला लागते. ती मऊ ब्रशने सारखी झाडली नाही तर पाणी चढून पिल्लंच वाहून जातात. रात्रपाळीचा माणूस यात कसूर करत नाही. शेडनेट आहे, पण पाऊस लांबला की पाणी फार तापतं. त्या आठवड्यात माल उचलू नये.

घोळ पुढे आहे. पोटाची पिवळी पिशवी जिरायला साधारण तीन दिवस लागतात, मगच जिरं न्यायचं. गर्दीत इथे दुसऱ्याच दिवशी भरून देतात. जिरं भरलेली प्लास्टिकची पिशवी उजेडात धरा. पिल्लांच्या पोटाशी पिवळं दिसलं तर सरळ परत करा. मोजणी कपाने. मिलिलिटरला सुमारे ५०० पिल्लं हा हिशेब पाणी निथळून भरलं तरच खरा, आणि इथे निथळू देण्याइतका दम कुणाला नसतो. कप स्वतःसमोर भरून घ्यावा.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्लं, मात्र इथून नको. गवत्यात सिप्रिनस (कॉमन कार्प) मिसळलेला निघतो. तोंडाशी मिशा आणि पाठीवर लांबलचक पर दिसला की ओळखावं. त्याची चिकट अंडी पाणवनस्पतीला धरतात, त्यामुळे तो शेततळ्यातच वाढत जातो आणि ढेप-कोंड्याचा खर्च त्याच्याच पोटात जातो.

जिरं सोडण्याच्या आदल्या दिवशी तळ्यात साबण-तेलाचं मिश्रण पसरून पाणकिडे मारावेत, नाहीतर दोन रात्रींत तेच अर्धं संपवतात. बांधलेली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी. प्लास्टिक अंथरलेल्या नव्या शेततळ्यात जिरं थेट टाकू नये, तिथे त्याला खायला सूक्ष्म जीव पुरेसे नसतात.

सगळ्यात खटकणारी गोष्ट: टाक्यांचं सांडपाणी विनाजाळी नाल्यात जातं आणि नाला तापीत. अमेरिकेने गवत्या १९६३ मध्ये आणि चंदेरा १९७०च्या दशकात मुद्दाम आणला. निसटलेल्या माशांनी मिसिसिपीच्या खोऱ्यात मुक्त पैदास सुरू केली. आपल्याकडे तापीवर हतनूर धरणाच्या खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे प्रवाह अडवणारे बंधारे आहेत खरे, पण पुरात त्यांचे दरवाजे उघडतात. बारीक जाळीच्या दोन चौकटींचा खर्च तो किती! मालकाला सांगितलं की "पुढच्या हंगामात बघू" एवढंच उत्तर मिळतं.