समचलन शिकायला जिओजेब्रा: स्लायडर भारी, तक्ता त्याहून भारी

जिओजेब्रा हे आलेख काढून गणित शिकायचं ॲप काय काय करतं याची यादी इथे देत नाही, हा रिव्ह्यू एकाच कामापुरता आहे, नुकतंच बीजगणित सुरू केलेल्या पोरांना समचलन (म्हणजे दोन राशी बदलल्या तरी त्यांचं गुणोत्तर तेच राहणं) समजावायला ते कितपत उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर बऱ्यापैकी उपयोगी, पण बहुतेक जण नको तिथेच रमतात.

म्हणजे काय तर ग्राफिंगवालं ॲप उघडायचं आणि वाय = के एक्स टाइप करायचं, के चा स्लायडर, म्हणजे के ची किंमत कमीजास्त करायची सरकपट्टी, आपोआप येतो. तो सरकवला की रेष आरंभबिंदूभोवती फिरते, कमी उभी, जास्त उभी, पण आरंभबिंदू काही सोडत नाही. पोरं खूश, शिकवणारा खूश, आणि इथेच बरेच जण थांबतात. मग परीक्षेत "एक वाढलं की दुसरं वाढतं म्हणजे समचलन" असं लिहून येतात, जे चूक आहे!

खरी मजा तक्त्यात आहे. फंक्शनशेजारच्या तीन टिंबांत टेबलचा ऑप्शन मिळतो. एफ म्हणून २एक्स + ३ द्या आणि एक्स १ पासून सुरू करा, ५, ७, ९, ११ येतात, छान वाढतायत की, आलेखही सरळ रेषच आहे, मग हे समचलन का नाही? आता दुसरं फंक्शन टाका, एफ भागिले एक्स, आणि त्याचाही तक्ता मागवा. ५, ३.५, ३, २.७५. गुणोत्तर घसरत चाललंय. तेच + ३ उडवून नुसतं २एक्स ठेवलं की सगळीकडे २, २, २, २. हा न हलणारा २ म्हणजेच चलनाचा स्थिरांक, वेगळी व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही.

सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं सूत्रही असंच टाकून बघा, १.८एक्स + ३२. २० अंशाला ६८, ४० अंशाला १०४, म्हणजे इकडे दुप्पट झालं पण तिकडे नाही झालं. आणि चौरसाची परिमिती बाजूच्या समचलनात असते, ४एक्स, पण क्षेत्रफळ नाही, कारण बाजू दुप्पट केली की ते चौपट होतं (ते बाजूच्या वर्गाच्या समचलनात असतं, ते नंतर). वर्तुळाचा परीघ आणि व्यास घेतला तर स्थिरांक म्हणून चक्क पाय (π) बाहेर येतो, हे बघून पोरांचे डोळे चमकतात.

स्लायडर निगेटिव्हमध्ये जातो ही अजून एक चांगली गोष्ट. के ला -२ करा, एक्स वाढतोय तसा वाय कमी होतोय तरी गुणोत्तर -२ वरच आहे, म्हणजे समचलनच. "दोन्ही वाढतात" वाल्या नियमाचा इथे पार निकाल लागतो. के ० केला की रेष एक्स अक्षावर आडवी पडते, तो समचलनात धरत नाहीत, हे मात्र ॲप सांगत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

खटकणारं म्हणजे झूम. एखादा अक्ष ताणला गेला की तीच रेष एकदम उभी दिसते, के तसाच असतो पण पोराला वाटतं बदलला. त्यामुळे दोन्ही अक्षांचं प्रमाण १:१ आहे ना ते आधी बघा आणि रेषेच्या दिसण्यापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवायला लावा.

बाकी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टरने मास्टर्सच्या प्रबंधासाठी हे सुरू केलं होतं, शिकवण्यासाठीच बनवलंय हे वापरताना कळतं. शाब्दिक उदाहरणं मात्र वहीतच सोडवा. ३ ला १२ तर ७ ला किती, यात १२ भागिले ३ करून ४ काढायचा आणि मग २८, एवढ्यासाठी ॲप उघडत बसू नका. माझ्याकडून पाचपैकी चार. फोनवर स्लायडर बोटाखाली झाकला जातो, मोठी स्क्रीन असेल तर तीच घ्या.