हरणीचे सहा आठवडे: श्वान-पुनर्वसन केंद्राचा अनुभव

आमची हरणी ही सहा वर्षांची कारवान कुत्री आहे. आजोबांच्या काळात आमच्या बारामतीकडच्या माळावर या जातीची कुत्री सशामागे सोडली जात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती शिकार आज गुन्हा असल्यामुळे मोटरवर चालणाऱ्या चरखीने दोरीला बांधून ओढलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीमागे धावणे, हेच हरणीचे काम झाले आहे. गेल्या वर्षी अशाच एका धावेत वळण घेताना तिच्या उजव्या मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू फाटला. विश्रांती आणि मग पावसाळा धरून पाच महिने गेले. जखम भरली होती, पण तिला पुन्हा माळावर सोडण्याचे धाडस होईना, म्हणून पुण्यातील एका श्वान-पुनर्वसन केंद्रात सहा आठवड्यांत बारा सत्रे घेतली.

पहिल्या दिवशी तेथील डॉक्टरीणबाईंनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन सेंटिमीटरने बारीक भरली. मला डोळ्यांनी हा फरक कधीच जाणवला नव्हता. केंद्रातील मुख्य साधन म्हणजे पाण्यातील ट्रेडमिल. पाणी खुब्यापर्यंत असताना कुत्र्याच्या पायांवर वजनाचा सुमारे ३८ टक्केच भार येतो आणि घोट्यापर्यंत उतरवले की तो ९१ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे आठवड्यागणिक पातळी खाली आणत स्नायूवरचा भार अगदी मापात वाढवता येतो. हरणी पहिल्या दिवशी शेपूट पायांत घालून काचेला चिकटून उभी राहिली, पण उकडलेल्या अंड्याचे तुकडे समोर धरल्यावर चौथ्या मिनिटाला तिने पाऊल उचलले. बाईंनी त्या दिवशी सहा मिनिटांवर एक सेकंदही पुढे जाऊ दिले नाही.

मला या केंद्राची सर्वांत मोलाची सेवा हीच वाटते. नवख्या कुत्र्याला पुढे रेटावे लागते. मुरलेल्या कुत्रीला मात्र आवरावे लागते, कारण काम तिच्या डोक्यात ताजे असते आणि शरीर पाच महिने मागे असते. घरी करायच्या गोष्टीही नेमक्या सांगितल्या: सकाळी उन्हाआधी गळ्यात पट्टा लावून सरळ रेषेत दुडकी चाल, तिसऱ्या आठवड्यापासून हलका चढ आणि रोज थोडे मुरुमावर चालणे. घरातील फरशीवर पाच महिने काढल्याने तिच्या पंजांच्या गाद्या मऊ पडल्या होत्या, हे बाईंनी बोट फिरवून दाखवले; तशीच पळवली असती तर पहिल्याच दिवशी त्या सोलल्या असत्या.

आता तक्रार. पाचव्या आठवड्यात केंद्राच्या मैदानावर ऐंशी मीटर सरळ धाव ठरली होती, परंतु चरखीवरच्या मुलाने आधीच्या कुत्र्यासाठी लावलेली, दोरीला वळण देणारी कप्पी काढलीच नाही. अनुभवी कुत्री पिशवीच्या मागे धावत नाही, पिशवी जिथे येणार तिथे धावते. हरणीने दोरी पाहिली आणि वळण तिरके कापले, म्हणजे ज्या हालचालीने स्नायू फाटला होता तीच हालचाल तिने पूर्ण वेगात केली. सुदैवाने दोन दिवस लंगडण्यावर निभावले. बाईंनी चूक मान्य केली आणि त्या सत्राचे पैसे परत केले. तरी मैदान आणि ट्रेडमिल या दोन विभागांत एकमेकांना निरोप देण्याची काही पद्धत नाही, हे स्पष्ट दिसले.

बारा सत्रांचे १४,४०० रुपये आगाऊ भरावे लागतात, हेही मला पटले नाही. शिवाय अंगावर चरबी नसलेल्या अशा कुत्र्यांना ओले राहिले की लगेच कापरे भरते, आणि तेथे वाळवण्याचे यंत्र एकच असल्याने थंडीत रांग लागते. स्वतःचे दोन जाड टॉवेल न्यावेत.

शेवटच्या मोजणीत मांड्यांतील फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला. हरणी आता आमच्या माळावर दोनशे मीटर सरळ धावते. वळणे अजून महिनाभर बंद आहेत. ट्रेडमिलसाठी या केंद्रात मी निःशंकपणे पुन्हा जाईन. मैदानावरील सत्र मात्र दिवसातले पहिलेच मागून घ्यावे, आणि कुत्रे गाडीतून उतरवण्याआधी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून पाहावी.