ईटीसीकीपर सहा महिने वापरल्यावर

माझ्या मावसभावाचं कोल्हापूरला सीएचं ऑफिस आहे, तिथला छोटा सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि क्लायंटची बिलं स्कॅन करून चढवायचं एक साधं पोर्टल, बस. डेबियन १२ वरून १३ वर नेताना मधेच प्रश्न आला की एनजिनएक्सची मेन कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तुम्ही बदललीय, पॅकेजमध्येही (म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या गठ्ठ्यातही) नवीन आलीय, काय करू? नुसतं एंटर मारलं असतं तरी माझीच फाइल राहिली असती, डिफॉल्ट एन (नाही) असतो, पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मी वाय (हो, नवीन फाइल घे) दाबलं.

सकाळी फोन, दादा एकही बिल चढत नाहीये. स्क्रीनवर ४१३ एरर, म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. मी अपलोडची मर्यादा ६४ एमबी केलेली ती ओळ गेली होती आणि एनजिनएक्सचा डिफॉल्ट १ एमबी, स्कॅन तर तीन-चार एमबीचे. दोन तास शोधण्यात गेले, नंतर कळलं की माझी जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये नावामागे डीपीकेजी-ओल्ड लावून पडलेली होती! (डीपीकेजी म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं टूल.)

त्याच दिवशी ईटीसीकीपर टाकलं. सिस्टमच्या सेटिंग्ज असतात त्या ईटीसी फोल्डरचं हे गिट रिपॉझिटरी करतं, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतं, बाकी काही नाही. एपीटी (पॅकेज बसवायची, अपडेट करायची कमांड) चालायच्या आधी तुमचे राहिलेले बदल कमिट (इतिहासात नोंद), चालून झाल्यावर पॅकेजने केलेले बदल वेगळे कमिट. त्यामुळे मी काय केलं आणि अपडेटने काय केलं हे वेगवेगळं दिसतं. मागच्या महिन्यात पीएचपीच्या (पोर्टल ज्या भाषेत आहे तिच्या) अपडेटनंतर डिफ (आधी-नंतरचा फरक) उघडला, एक लाल ओळ म्हणजे जुनी, एक हिरवी म्हणजे नवी, दोन मिनिटांत समजलं. गिटला फाइलचा मालक आणि पूर्ण परमिशन लक्षात राहत नाहीत, ते हे वेगळं लिहून ठेवतं, हे मला फार आवडलं.

आता खटकलेलं. रोजच्या ऑटो-कमिटचा मेसेज एकच असतो, त्यामुळे काही बदललं की लगेच स्वतः कमिट करून कारण लिहायची सवय लावावी लागते. आणि हे फक्त ईटीसीपुरतं आहे. युएसआर (सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलींचं फोल्डर) मधली सिस्टमडीची (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस फाइल मी थेट एडिट केलेली, ती अपडेटने न विचारता पुसली, कारण डीपीकेजी फक्त कॉन्फफाइल (सेटिंग्जची फाइल) म्हणून पॅकेजने नोंदलेल्या फाइलबद्दल विचारतं. त्यासाठी सिस्टमसीटीएल एडिट ही कमांड वापरा, तुमचा बदल ईटीसीत वेगळ्या फाइलमध्ये जातो. हे रिपॉझिटरी चुकूनही बाहेर कुठे पुश करू (पाठवू) नका हो, त्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असतात.

अजून एक, अनअटेंडेड अपग्रेड (आपोआप अपडेट) लावलं असेल तर असा प्रश्न येणारं पॅकेज ते गुपचूप बाजूला ठेवतं, म्हणून महिन्यातून एकदा हाताने एपीटी चालवून बघा काय अडकलंय ते.

खरा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला, मूळ फाइलला हात लावणंच सोडलं. ६४ एमबीची ओळ आता एनजिनएक्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये माझ्या वेगळ्या फाइलमध्ये आहे, मेन फाइल पॅकेजची जशीच्या तशी, त्यामुळे तो प्रश्न विचारलाच जात नाही, नवीन फाइल सरळ बसते. ऑफिसचं बॅकअप मशीन अजून १२ वरच आहे, येत्या रविवारी त्यावर आधी ईटीसीकीपर टाकणार आणि मगच १३ वर नेणार, दिवसा.